निवासी शल्यचिकित्सक आणि पसंतीची यादी

‘निवासी’ हा शब्द आपल्या शाळेच्या फलकावरच आहे. पहाटेची घंटा, रांगेतले जेवण, रात्रीच्या अभ्यासिकेतील शांतता आणि सुट्टीला घरी जाताना पत्र्याच्या पेटीला लावलेले कुलूप, एवढे सारे त्या एका शब्दात मावते. गेल्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात हाच शब्द एका निराळ्या संदर्भात आमच्या कानी पडला. आपल्या वसतिगृहात सहा वर्षे राहिलेली, पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेली आणि आता अमेरिकेत असलेली एक माजी विद्यार्थिनी रात्री दूरध्वनीवर बोलत होती.

“सर, रेसिडेन्सीच्या मुलाखती संपल्या. सहा ठिकाणी झाल्या. आता पसंतीची यादी भरायची आहे. पहिल्या क्रमांकावर कोणतं रुग्णालय लिहू?”

आम्ही इतिहासाचे शिक्षक. शस्त्रक्रियेतले आम्हांस काय कळणार? तसे आम्ही सांगितलेही. पण तिचे पुढचे वाक्य ऐकले आणि आम्ही सावध झालो.

“जे सगळ्यात आवडलं ते फार मोठं आहे, सर. ते मला कशाला घेतील? म्हणून ते चौथ्या क्रमांकावर टाकते. पहिलं नाव लहान रुग्णालयाचं लिहिते, म्हणजे तेवढं तरी हातचं जाणार नाही.”

हे वाक्य आमच्या ओळखीचे होते. दहावीच्या निकालानंतर शाळेच्या व्हरांड्यात आम्ही ते अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. कधी मुलगा बोलतो, कधी त्याचे वडील बोलतात. “आपल्याला कोण घेणार” असे म्हणून जे हवे ते मागण्यापूर्वीच मनातून खोडून टाकायचे, ही सवय आमच्या पिढीलाही होती. म्हणून तिला दोन दिवस थांबावयास सांगितले आणि ही यादी म्हणजे नेमके काय, हे वाचावयास बसलो. जे समजले ते आपल्या पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

निवासी डॉक्टर म्हणजे कोण?

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात 1889 साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथील शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख विल्यम हॉल्स्टेड यांनी युरोपातील जर्मन भाषक विद्यापीठांत पाहिलेली शिक्षणपद्धती तेथे रुजविली. तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच वास्तव्य करावे, रुग्णांची रात्रंदिवस काळजी घ्यावी आणि पायरीपायरीने शस्त्रक्रियेची जबाबदारी स्वीकारावी, अशी ती रीत होती. रुग्णालयात राहणारा म्हणून तो ‘रेसिडेंट’, म्हणजे निवासी.

हॉल्स्टेड यांची रचना पिरॅमिडसारखी होती. खाली पुष्कळ डॉक्टर भरती होत आणि वर्षावर्षाला गळत जाऊन शिखरावर एकच मुख्य निवासी उरे. उरलेल्यांचे शिक्षण अर्ध्यावर सुटे. पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एडवर्ड चर्चिल यांनी या पिरॅमिडऐवजी आयताकृती रचना मांडली. ज्याला प्रवेश दिला, तो नीट काम करीत असेल तर त्याचे शिक्षण शेवटापर्यंत पूर्ण करावयाचे, हा तिचा अर्थ. आज जनरल सर्जरीचे शिक्षण पाच वर्षांचे आहे, मेंदूच्या शस्त्रक्रियेचे सात वर्षांचे. रुग्णालयातच राहण्याची सक्ती आता उरलेली नाही. 2003 सालापासून आठवड्याचे काम चार आठवड्यांच्या सरासरीने 80 तासांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आहे. जनरल सर्जरीच्या अंतिम परीक्षेस बसण्यासाठी निवासी डॉक्टराने पाच वर्षांत किमान 850 मोठ्या शस्त्रक्रिया केल्याची नोंद दाखवावी लागते आणि त्यांपैकी किमान 200 शेवटच्या वर्षातील असाव्या लागतात.

एवढे सांगण्याचे कारण असे की, ही निवड एका वर्षाची नसते. पंचविशी-तिशीतील पाच किंवा सात वर्षे कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या गावात काढावयाची, हे त्या यादीवर ठरते.

तारांचा काळ

या यादीचा इतिहास विद्यार्थ्यांच्या दृष्टीने फार बोलका आहे. 1940च्या दशकात अमेरिकेत पदवीनंतरच्या इंटर्नशिपच्या जागा अधिक आणि विद्यार्थी कमी होते. चांगला विद्यार्थी दुसऱ्याने नेण्यापूर्वी आपण न्यावा म्हणून रुग्णालये घाई करू लागली. शिक्षण संपण्यास दोन वर्षे असतानाच मुलांना जागा देऊ करण्यापर्यंत ही घाई गेली. तेव्हा 1945 च्या सुमारास वैद्यकीय महाविद्यालयांनी ठरविले की, ठरावीक तारखेपूर्वी विद्यार्थ्यांचे गुणपत्रक व शिफारसपत्र कोणालाही द्यावयाचे नाही.

त्याने घाई थांबली. परंतु तिची जागा धाकाने घेतली. देऊ केलेली जागा स्वीकारण्यास आरंभी दहा दिवसांची मुदत होती. 1949 साली बारा तासांची मुदतदेखील रुग्णालयांना फार वाटू लागली. तार यावयाची आणि उत्तर जागच्या जागी द्यावे लागावयाचे. ज्या रुग्णालयाची आपण वाट पाहत आहोत त्याची तार येईल की नाही हे ठाऊक नाही आणि हातातली जागा नाकारली तर ती गेली, अशा कात्रीत विद्यार्थी सापडत.

यावर तोडगा म्हणून एक केंद्रीय व्यवस्था सुचविण्यात आली. विद्यार्थ्यांनी रुग्णालयांची पसंतीयादी द्यावी, रुग्णालयांनी विद्यार्थ्यांची द्यावी आणि दोन्ही याद्या जुळवून जागा ठरवाव्यात. 1951 मध्ये तिची चाचणी घेण्यात आली. तेव्हा विद्यार्थ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. त्या रीतीत रुग्णालयाला पहिल्या क्रमांकावर लिहिणाऱ्यांना झुकते माप मिळे. त्यामुळे एखाद्याने मिळण्यास अवघड असे रुग्णालय पहिले लिहिले आणि ते मिळाले नाही, तर एरवी मिळाले असते असे दुसऱ्या क्रमांकाचे रुग्णालयही त्याच्या हातून निसटे. खरे लिहिणाऱ्यास शिक्षा आणि भीतीने लिहिणाऱ्यास बक्षीस, असा तो प्रकार होता. हार्वर्डमध्ये शिकणारे हार्डी हेन्ड्रेन आणि त्यांचे सहकारी यांनी यास हरकत घेतली, निरनिराळ्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना संघटित केले आणि पर्यायी रीत मांडली. ती स्वीकारण्यात आली आणि 1952 साली पहिला ‘मॅच’ पार पडला. हेन्ड्रेन पुढे बालशल्यचिकित्सेतील नामवंत झाले. परंतु आमच्या मते विद्यार्थी असताना त्यांनी केलेले हे कामही तितकेच मोलाचे आहे. नियम आपल्यासाठी आहे असे सांगितले गेले तरी तो वाचून पाहावा आणि त्यातील खोट दाखवावी, हे त्यांनी केले.

पुढे 1962 साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी अशा जुळवणीचा सिद्धान्त मांडला. अमेरिकेतील डॉक्टरांची व्यवस्था जवळजवळ त्याच रीतीने आधीपासून चालत आहे, हे ॲल्विन रॉथ यांनी 1984 मध्ये दाखवून दिले. मात्र तीत जागा देऊ करण्याची सुरुवात रुग्णालयांच्या बाजूने होत होती. 1998 पासून ती उमेदवारांच्या बाजूने होऊ लागली. 2012 साली रॉथ व शॅप्ली यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जुळवणी कशी होते?

आपल्याकडील पालकांना ‘पसंतीक्रम’ हा शब्द अकरावी प्रवेशामुळे ठाऊक आहे. तेथे विद्यार्थी क्रम देतो आणि गुण निर्णय करतात. मॅचमध्ये दोन्ही बाजू क्रम देतात. मुलाखत झालेल्या रुग्णालयांपैकी उमेदवार आपली यादी करतो, रुग्णालयही मुलाखत घेतलेल्या उमेदवारांची यादी करते. एकमेकांची यादी एकमेकांस दिसत नाही.

संगणक प्रत्येक उमेदवाराच्या वतीने प्रथम त्याच्या पहिल्या पसंतीच्या दारी जातो. जागा असेल व त्या यादीत त्याचे नाव असेल तर त्याला तेथे तात्पुरते बसविले जाते. ‘तात्पुरते’ या शब्दात सारे रहस्य आहे. नंतर रुग्णालयाला अधिक पसंत असलेला उमेदवार तेथे आला, तर आधीचा उठतो आणि त्याच्या यादीतील पुढील दारी जातो. शेवटच्या उमेदवाराची फिरती संपेपर्यंत कोणतीही जागा कायम होत नाही.

आमच्या विद्यार्थिनीने नेमकी हीच शंका विचारली. “पण सर, मी मोठ्या ठिकाणी अडकून पडले आणि तेवढ्यात दुसऱ्या ठिकाणची जागा भरली तर?”

एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या रुग्णालयात एकच जागा आहे आणि त्यांच्या यादीत तिचे नाव वर, दुसऱ्या एका उमेदवाराचे नाव खाली आहे. ती आधी मोठ्या रुग्णालयाच्या दारी गेली. तेवढ्यात तो दुसरा उमेदवार इकडे येऊन बसला. मोठ्या ठिकाणी तिला जागा मिळाली नाही आणि ती येथे आली. रुग्णालयाला ती अधिक पसंत आहे, म्हणून तो उमेदवार उठेल आणि ती बसेल. ती उशिरा आली, याला काहीही महत्त्व नाही. तिने हे रुग्णालय कितव्या क्रमांकावर लिहिले होते, यालाही महत्त्व नाही.

यावरून निघणारा नियम अगदी साधा आहे. एकट्याने अर्ज करणाऱ्या उमेदवाराने आपल्या खऱ्या आवडीच्या क्रमानेच यादी लिहावी. अवघड ठिकाण पहिले लिहिल्याने सोप्या ठिकाणची शक्यता कणभरही घटत नाही. उलट, भीतीपोटी सोपे ठिकाण वर लिहिले आणि ते मिळाले, तर मोठ्या रुग्णालयाची इच्छा असूनही ते आपल्याला कधीच मिळणार नाही. कारण संगणक त्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

दुसराही नियम आहे. मॅचचा निकाल बंधनकारक असतो. म्हणून जेथे कोणत्याही परिस्थितीत जावयाचे नाही, ते नाव यादीत लिहू नये. परंतु जेथे जाणे चालण्यासारखे आहे अशी सर्व नावे अवश्य लिहावीत. यादी लांबल्याने वरच्या पसंतीचे काही बिघडत नाही.

क्रम कशावरून ठरवावा?

रीत समजली तरी खरी आवड कोणती हे ठरविणे उरतेच. आमच्या विद्यार्थिनीने प्रत्येक मुलाखतीच्या रात्रीच वहीत टिपण लिहून ठेवले होते. ही सवय आपल्या वसतिगृहातील दैनंदिनीची असावी, असे आम्ही समजतो. सहा मुलाखतींनंतर आठवणी एकमेकींत मिसळतात. त्याच रात्री लिहिलेले मात्र फसवीत नाही.

सर्वांत आधी जागेचा प्रकार पाहावा. शल्यचिकित्सेत काही जागा पूर्ण पाच वर्षांच्या असतात, तर काही ‘प्रिलिमिनरी’ म्हणजे केवळ एका वर्षाच्या. वर्ष संपल्यावर पुढील जागेची हमी नसते. परदेशातून गेलेल्या अनेक डॉक्टरांच्या वाट्याला या एका वर्षाच्या जागा येतात. नाव मोठ्या रुग्णालयाचे असले तरी त्याखाली एक वर्ष लिहिले आहे की पाच, हे वाचल्याशिवाय क्रम ठरवू नये. भारतातून गेलेल्यांनी व्हिसा कोणत्या प्रकारचा मिळेल हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट हाताची. शस्त्रक्रिया पाहून येत नाही, करून येते. पहिल्या वर्षी निवासी डॉक्टराच्या हाती काय दिले जाते, शेवटच्या वर्षी तो किती स्वतंत्रपणे काम करतो, 850 चा आकडा सहज गाठला जातो की शेवटच्या महिन्यांत धावपळ होते, हे विचारावे. काही मोठ्या संस्थांत पुढील विशेष प्रशिक्षण घेणारे डॉक्टर बरेच असतात आणि अवघड शस्त्रक्रिया त्यांच्याकडे जातात. तेथे निवासी डॉक्टर कडेला उभा राहतो की टेबलापाशी असतो, हे जाणून घेणे आवश्यक आहे. काही ठिकाणी पाच वर्षांच्या मध्ये एक-दोन वर्षे संशोधनास द्यावी लागतात. ज्याला संशोधन आवडते त्याला ती पर्वणी असते. ज्याच्या घरी कर्जाचे हप्ते चालू आहेत, त्याने ती वर्षे आधीच मोजावीत.

तिसरी गोष्ट माणसांची. जनरल सर्जरीचे शिक्षण सुरू करणाऱ्या पाचांपैकी सुमारे एक जण ते मध्येच सोडतो, असे तेथील अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून गेल्या काही वर्षांत किती जण सोडून गेले आणि का, हा प्रश्न संकोच न करता विचारावा. येणाऱ्या उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत अधिक सांगून जाते. 2020 साली करोनाच्या साथीत मुलाखती पडद्यावर गेल्या आणि अनेक ठिकाणी तशाच राहिल्या. तरीही पुष्कळ दिसते. आमची विद्यार्थिनी सांगत होती की, एका ठिकाणी निवासी डॉक्टरांशी गप्पांची वेळ ठेवली होती; पण एक वरिष्ठ प्राध्यापक शेवटपर्यंत पडद्यावर बसून राहिले आणि कोणी मोकळेपणाने बोलले नाही. दुसऱ्या ठिकाणी प्राध्यापक नमस्कार करून निघून गेले. मग एका निवासी डॉक्टराने स्वतःहून सांगितले, “माझं मूल आजारी असताना माझी रात्रपाळी चीफनं केली.” तिने वहीत या दुसऱ्या नोंदीखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मुलाखतीनंतर येणाऱ्या गोड पत्रांनी मात्र क्रम बदलू नये. “तुम्ही आम्हांस फार आवडलात” असे लिहिण्यास कोणाची बंदी नाही. त्या वाक्याने कोणीही बांधला जात नाही. तुम्ही आम्हांला कितवे लिहिणार, असे विचारणे मात्र मॅचच्या नियमांत बसत नाही. कोणी विचारले, तर उत्तर देण्याची सक्ती नाही.

यंत्राची मर्यादा

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. ही रीत न्याय्य आहे, पण ती याद्या जुळविते. याद्या माणसेच लिहितात. ज्याला मुलाखतीस बोलावलेच नाही, त्याचे नाव कोणत्याही रुग्णालयाच्या यादीत असू शकत नाही. मॅचपूर्वीच्या काळात अमेरिकेतील बहुतेक रुग्णालयांची दारे कृष्णवर्णीय डॉक्टरांना बंद होती. रक्तसाठवणुकीच्या कार्यामुळे ख्यातकीर्त झालेले डॉ. चार्ल्स ड्र्यू यांनी 1940 साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. बाबासाहेबांनी 1915 मध्ये एम.ए. केले ते हेच विद्यापीठ. 1941 पासून ड्र्यू यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शल्यचिकित्सेचे नेतृत्व केले आणि 1950 साली अपघाती मृत्यू येईपर्यंत कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकांची एक पिढी घडविली. इतरांनी दारे उघडण्याची वाट न पाहता त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना इतके सिद्ध केले की, परीक्षेत त्यांना डावलणे कठीण व्हावे.

तेव्हा यादीत आपले नाव यावे यासाठी लढावे लागते. ती लढाई मुलाखतीपर्यंतची आहे. मुलाखत झाल्यावर जी यादी आपल्या हाती येते, ती पूर्णपणे आपली असते. त्या एका कागदावर तरी दुसऱ्याने आपल्याला कितवे मानले असेल, याचा विचार करण्याची गरज नाही.

हे सारे आम्ही तिला रविवारी दूरध्वनीवर वाचून दाखविले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे सर, आवडलेलं पहिलं लिहिलं तर काहीच जात नाही?” आम्ही म्हटले, “काही जात नाही, बाळ. लिही.”

मार्चमधील मॅचच्या आठवड्यात सोमवारी जागा मिळाली की नाही एवढेच कळते. कोठे मिळाली हे शुक्रवारी समजते. ज्यांना जागा मिळालेली नसते, त्यांना त्या चार दिवसांत उरलेल्या जागांसाठी पुन्हा धावपळ करावी लागते. त्या शुक्रवारी आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तिच्या वडिलांनी, एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांनी, आम्हांला घरी बोलावून घेतले होते. तिला तिसऱ्या क्रमांकाचे रुग्णालय मिळाले. पूर्ण पाच वर्षांची जागा. वहीत दोन रेघा ओढलेले ते हेच.

“पहिल्या दोघांनी नाही म्हटलं, सर,” ती म्हणाली, “पण मी विचारलं तरी.”

तिच्या आईने सर्वांना चहा दिला. वडील बराच वेळ चष्मा पुसत बसले होते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण आज डॉक्टर, अभियंता, वकील, प्राध्यापक म्हणून देशात व परदेशात काम करीत आहेत. शाळेतील मुले लवकरच निरनिराळे अर्ज आणि पसंतीयाद्या भरू लागतील. आपले नाव आणि आपण कोणत्या क्षेत्रात आहोत, एवढे कार्यालयात कळवून ठेवावे. एखाद्या मुलाने दूरध्वनी केला, तर त्याला नियम समजावून सांगावा, जमल्यास एक सराव मुलाखत घ्यावी. आणि ‘मला कोण घेणार’ असे तो म्हणाला, तर त्याला थांबवून आधी विचारावे की, बाळा, तुला हवे तरी काय?